ट्यूबमध्ये स्नेअर कुणालाही चिकटतं. पेशीत ते नेमकी कुठली पुटिका जोडतं, हे कसं ठरवायचं?

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. स्नेअर म्हणजे पेशीतल्या पुटिका, म्हणजे माल वाहणाऱ्या पटलाच्या पिशव्या (व्हेसिकल), दुसऱ्या पटलाशी जोडणारी प्रथिनं. तुम्ही पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात आहात. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपामधलं प्रद्रव्यपटलावरचं एक सिंटॅक्सिन (स्नेअरचा एक प्रकार) घेतलंत, त्याला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडून बेन्थामियाना या तंबाखूच्या भाऊबंदाच्या पानात घातलंत. दिसायला हवं होतं पेशीच्या कडेला. दिसली जाळी, आणि तिच्यात अधूनमधून ठळक ठिपके. को-आयपी केली, म्हणजे ते प्रथिन ओढून त्याला काय चिकटलंय ते बघितलं, तर एकाऐवजी तीन वेगवेगळे व्हॅम्प (पुटिकेवरची स्नेअर) सोबत आले. टी-डीएनए म्युटंट (ते जनुक बंद पाडलेलं झाड) मागवला, तर झाड ठणठणीत. गाइड विचारतात, ‘हे प्रथिन कुठली व्हेसिकल कुठे फ्यूज करतं ते सांगा.’ आणि तुम्ही विचारताय, या तिन्हींतल्या कशावर विश्वास ठेवू?

माझ्या मते अडचण विश्वासाची नाही. ‘कोण कोणाला चिकटतं’ याचं उत्तर तुमच्या हातात आहे आणि त्यावरून ‘कोण काय काम करतं’ हे काढायचा प्रयत्न चाललाय. स्नेअरच्या बाबतीत पहिल्यावरून दुसरं निघत नाही. का, ते खाली सांगतो. पण काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत: सिंटॅक्सिन कुठलं, बघताय ती पेशी विभागणारी की वाढ पूर्ण झालेली, आणि जनुकापुढे प्रवर्तक (ते कधी आणि किती चालावं हे ठरवणारा डीएनएचा तुकडा) कुठला लावलाय. प्रथिनाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी प्रद्रव्यपटलावरचं एसवायपी१२१ हे सिंटॅक्सिन धरून बोलतो. परागनलिकेतलं एसवायपी१२४ किंवा १२५ असेल तर पानात काही शोधण्यातच अर्थ नाही, ते काम परागकणांवरच करावं लागेल.

आधी रचना, कारण पुढचे सगळे घोळ तिच्यातूनच येतात. स्नेअरचा कामाचा भाग म्हणजे ६० ते ७० अमिनो आम्लांचा एक पट्टा. त्यात दर सात अमिनो आम्लांमागे ठरावीक जागी पाणी टाळणारे अवशेष येतात, त्यामुळे पट्ट्याची एक बाजू तेलकट राहते. पुटिकेवरचा एक पट्टा आणि समोरच्या पटलावरचे तीन, असे चार पट्टे तेलकट बाजू आत घेऊन सुंभासारखे वळले जातात. हा पीळ मोकळ्या टोकाकडून पटलाकडे सरकतो आणि दोन्ही पटलांना जवळ खेचून एकमेकांत मिसळवतो. या चार पट्ट्यांच्या चौकडीच्या आत सोळा थर असतात. पंधरा तेलकट, आणि मधला, ज्याला शून्य थर म्हणतात, त्यात तीन ग्लुटामिन आणि एक आर्जिनिन. ग्लुटामिनचं अक्षर क्यू आणि आर्जिनिनचं आर, त्यावरून क्यूए, क्यूबी, क्यूसी आणि आर ही चार कुळं पडली. सिंटॅक्सिन क्यूए, व्हॅम्प आर. स्नॅप३३ मध्ये क्यूबी आणि क्यूसी हे दोन्ही पट्टे एकाच साखळीत आहेत, म्हणून एसवायपी१२१, स्नॅप३३ आणि व्हॅम्प७२१ किंवा ७२२ एवढ्या तीन प्रथिनांत चौकडी पुरी होते. काम झालं की ही घट्ट चौकडी आपोआप सुटत नाही. अल्फा-स्नॅप तिला धरतं, एनएसएफ नावाचं सहा घटकांचं यंत्र एटीपी खर्चून ती उसवतं, आणि चारही पट्टे पुढच्या फेरीला मोकळे होतात. नावात साम्य असलं तरी अल्फा-स्नॅप आणि स्नॅप३३ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. परीक्षेत इथे हमखास गोंधळ होतो.

पुटिका-वाहतुकीचा हा गाभा यीस्ट आणि प्राण्यांच्या पेशींवर उलगडला; २०१३ चं नोबेल रॉथमन, शेकमन आणि स्यूडहोफ यांना त्याबद्दल मिळालं. वनस्पतींनी त्यात आपली भर घातली. आपल्या पेशींतले व्हॅम्प लाँगिन जातीचे, म्हणजे एन-टोकाला सुमारे १२० अमिनो आम्लांची घडी असलेले. मेंदूत असतो तसा आखूड व्हॅम्प इथे नाही. व्हॅम्प७२ हा गट तर वनस्पतींचाच खास. अरॅबिडॉप्सिसमध्ये एकूण स्नेअर साठाच्या आसपास आहेत.

आता तुमच्या को-आयपीकडे बघा. तेलकट बाजू सगळ्यांचीच जवळपास एकसारखी. पेशीत एक स्नेअर गॉल्जीवर, दुसरं रिक्तिकेवर, तिसरं प्रद्रव्यपटलावर असतं, म्हणून त्यांची भेटच होत नाही. तुम्ही ऊतक वाटून ट्रायटन हा साबणासारखा पदार्थ ओतलात की पटलं विरघळतात आणि साठच्या साठ जणं एका भांड्यात उतरतात. मग दोन तास चार अंशांवर जीएफपी पकडणाऱ्या बीड्सबरोबर फिरवताना जे मोकळे पट्टे आहेत ते एकमेकांना शोधतात. तुमचे तीन व्हॅम्प त्या दोन तासांत चिकटले, की पानातच चिकटलेले होते, हे त्या ब्लॉटवरून (जेलवरच्या प्रथिनांच्या छापावरून) कळत नाही.

कळवून घ्यायचा उपाय सोपा आहे, आणि तो न करता पाठवलेला लेख मी परीक्षक म्हणून परत पाठवतो. दोन वेगळी पानं घ्या. एकात फक्त जीएफपी-सिंटॅक्सिन, दुसऱ्यात फक्त दुसरा टॅग (ओळखीची खूण) लावलेला व्हॅम्प. दोन्ही वेगवेगळी वाटा आणि बफर घातल्यावरच एकत्र करा. या मिसळलेल्या नमुन्यातही ब्लॉटवर व्हॅम्पचा पट्टा आला, तर तो ट्यूबमध्ये जमलेला. दोन्ही जनुकं एकाच पानात घातलेल्या नमुन्यातला पट्टा याच्यापेक्षा स्पष्टपणे ठळक असेल, तरच पुढे बोलायचं.

बफरचं म्हणाल तर मी सहसा एक ग्रॅम ऊतक द्रव नायट्रोजनमध्ये वाटून दोन मिलिलिटर बफरमध्ये घेतो: ५० मिलिमोलार ट्रिस पीएच ७.५, १५० मिलिमोलार सोडियम क्लोराइड, १ मिलिमोलार ईडीटीए, ०.५ ते १ टक्का ट्रायटन एक्स-१००, शिवाय प्रोटिएज इनहिबिटर. ईडीटीए इथे शोभेला नाही. एनएसएफला एटीपीसोबत मॅग्नेशियम लागतं. ते ईडीटीएने धरून ठेवलं की असलेल्या चौकड्या वाटताना सुटत नाहीत. आणखी पक्कं हवं तर १ मिलिमोलार एन-इथाइलमॅलेइमाइड घाला; एनएसएफला त्याच्याचवरून नाव पडलंय. पण मग बफरमध्ये डीटीटी नको, दोघं एकमेकांनाच संपवतात. ही चूक इतकी सर्रास होते की कुणी ‘इनहिबिटरने काही फरक पडला नाही’ म्हटलं की मी आधी बफरची वही मागतो.

जेलबद्दल एक गोष्ट. चौकडी पुरी जमली की ती एसडीएस या जेलमधल्या डिटर्जंटलाही दाद देत नाही, उष्णतेने मात्र सुटते. म्हणून एकाच नमुन्याचे दोन भाग करा: एक ९५ अंशांवर पाच मिनिटं उकळा, दुसरा ३७ अंशांवर तेवढाच वेळ ठेवा, आणि जेल थंडीत कमी करंटवर चालवा. टॅग न लावलेलं एसवायपी१२१ अडतीस किलोडाल्टनच्या जवळ धावतं, स्नॅप३३ चौतीसच्या आणि व्हॅम्प७२१ पंचविसाच्या. न उकळलेल्या लेनमध्ये शंभराच्या आसपास पट्टा दिसला आणि उकळल्यावर तो जाऊन खाली सुटे पट्टे वाढले, तर चौकडी होती. नुसता वरचा पट्टा दाखवून भागत नाही, गोळा झालेलं प्रथिनही तिथेच अडकतं. ज्या प्रथिनाला जीएफपी जोडली असेल त्याच्या आकड्यात २७ मिळवा. आणि एक लक्षात ठेवा: न उकळलेल्या लेनमध्ये जीएफपीची घडी टिकून राहते, त्यामुळे ते प्रथिन अपेक्षेपेक्षा वेगळ्या जागी धावू शकतं.

समजा हे सगळं नीट झालं आणि व्हॅम्प७२१ खरोखर पानातलाच निघाला. तरी हाती फारसं काही लागलेलं नाही. व्हॅम्प७२१ आणि ७२२ हे जोडगोळीने प्रद्रव्यपटलाकडच्या बहुतेक वाहतुकीत असतात आणि पेशीविभाजनातही तेच असतात. टपाल खात्याचा शिक्का प्रत्येक पाकिटावर असतोच. पत्ता वेगळा लिहिलेला असतो. इथे पत्ता बराचसा क्यूए ठरवतं, बाकीचा राब प्रथिनं (पुटिकेची ओळख सांगणारी), एक्सोसिस्टसारखी दोरीने बांधणारी संकुलं आणि एसएम प्रथिनं (स्नेअरची जुळणी सांभाळणारी).

याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण म्हणजे नोले. जर्मनीत गेर्ड युर्गेन्स यांच्या गटाला भ्रूणाची ठेवण बिघडलेले म्युटंट शोधताना हा सापडला. रोप कंदासारखं गोळा होतं म्हणून नाव नोले, जर्मनमध्ये कंद. त्याचा साथीदार कॉयले, म्हणजे गदा. १९९६ मध्ये नोलेचं जनुक हाती आलं आणि ते सिंटॅक्सिन निघालं, एसवायपी१११. विभागणाऱ्या पेशीच्या मधोमध गॉल्जीकडून आलेल्या पुटिका एकमेकींत मिसळून पेशीपट्टिका, म्हणजे सेल प्लेट, तयार होते. नोले तिथे लागतं. ते नसेल तर पेशीत केंद्रकं दोन होतात पण मधली भिंत अर्धवट राहते, आणि रोप फार पुढे जात नाही.

नोलेवरून तुमच्या तिन्ही निरीक्षणांना उत्तर मिळतं, म्हणून इथे जरा थांबतो.

नोलेची एक नाही, दोन चौकड्या आहेत. एकीत स्नॅप३३ आणि व्हॅम्प७२१ किंवा ७२२. दुसरीत स्नॅप३३ च्या जागी एनपीएसएन११ आणि एसवायपी७१ असे दोन वेगळे पट्टे. म्हणजे एकाच सिंटॅक्सिनला को-आयपीत वेगवेगळे जोडीदार मिळणं ही चूक असेलच असं नाही. दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे: या चौकड्या आंतर्द्रव्यजालिकेवरच जमतात आणि जमलेल्या, निष्क्रिय अवस्थेतच पेशीपट्टिकेपर्यंत प्रवास करतात. चारही पट्टे एकाच पटलावर असल्यामुळे त्यांच्याकडून काहीच जोडलं जात नाही. मुक्कामाला पोचल्यावर एनएसएफ त्यांना उसवतं, कॉयले हे एसएम प्रथिन नोलेला उघडं धरून ठेवतं, आणि मग समोरासमोरच्या पुटिकांमध्ये नव्याने चौकडी जमते. सिंटॅक्सिनच्या एन-टोकाला तीन सर्पिलांची एक घडी असते, ती एरवी स्नेअरच्या पट्ट्यावर झाकणासारखी बसते. कॉयलेचं काम हे झाकण पुन्हा पडू न देण्याचं. त्यामुळे तुमच्या को-आयपीतली अगदी अस्सल, पानातलीच चौकडीसुद्धा प्रवासातली असू शकते. ‘जमलेली आहे’ यावरून ‘जोडलं’ असं म्हणता येत नाही.

आता तुमच्या जाळीकडे येऊ. नोलेचं जनुक ३५एस या सतत जोरात चालणाऱ्या प्रवर्तकाखाली नोले म्युटंटमध्ये घातलं तेव्हा वाढ झालेल्या पेशींत प्रथिन भरपूर झालं, प्रद्रव्यपटलावर जाऊन बसलं, आणि म्युटंट काही सुधारला नाही. नोले एरवी फक्त विभाजनाच्या वेळी तयार होतं आणि काम झालं की रिक्तिकेत जाऊन नष्ट होतं. बाकी वेळी ते असणंच गैर. ३५एसला ती वेळ साधत नाही. तुमच्या पानातही हेच होतंय, फक्त जागा वेगळी. स्नेअरचा ओघ जास्त झाला की वाहतुकीची यंत्रणा स्वतःच तुंबते आणि नवं प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत अडकून राहतं. जाळी म्हणजे तीच. ठिपके बहुधा गॉल्जी.

म्हणून आधी घनता उतरवा. अॅग्रोबॅक्टेरियम ०.५ ओडीने (ओडी म्हणजे द्रावणातल्या जिवाणूंची घनता) सोडत असाल तर ०.०२, ०.०५ आणि ०.१ अशा तीन पायऱ्या एकाच पानाच्या वेगवेगळ्या भागांत करून बघा. ४८ तासांनी बघा आणि ७२ ला पुन्हा. शेजारच्या पेशींत प्रथिन सारखं नसतं, तेव्हा सगळ्यांत चमकदार पेशीचा फोटो काढण्याचा मोह आवरा. मंद पेशीच खरं बोलतात. प्रवर्तक ३५एस असेल तर युबिक्विटिन१० चा किंवा जनुकाचा स्वतःचा घ्या, सुरुवातीच्या कोडॉनच्या वरचे सुमारे दोन हजार बेस आणि इंट्रॉनसकट. जीएफपी एन-टोकालाच हवी. सिंटॅक्सिनचं सी-टोक पटलातून पलीकडे निघतं. तिथे जीएफपी जोडली तर ती पेशीबाहेर लोंबते आणि साडेपाचाच्या आसपासच्या आम्लतेत मंदावते, म्हणजे नेमकं जे पोचलंय तेच दिसत नाही आणि वाटेतलं तेवढं दिसतं. व्हॅम्पच्या बाबतीत मात्र एन-टोकाच्या टॅगने लाँगिनची घडी बिघडू शकते. तिथे म्युटंट सुधारतो का, हीच कसोटी.

कडेला दिसणारी रेघ प्रद्रव्यपटलाची की रिक्तिकेने भिंतीला दाबून धरलेल्या पेशीद्रव्याची, हे फुगलेल्या पेशीत ओळखता येत नाही. ०.८ मोलार मॅनिटॉलमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा. पेशीद्रव्य भिंतीपासून सुटलं की पटलावरचं प्रथिन आक्रसलेल्या गोळ्याच्या कडेला आणि भिंतीकडे ताणलेल्या बारीक धाग्यांत दिसतं. एफएम४-६४ (पटल रंगवणारा लाल रंग) वापरणार असाल तर पाच दिवसांच्या रोपाच्या मुळावर वापरा: २ ते ४ मायक्रोमोलार, बर्फावर पाच मिनिटं, धुऊन लगेच बघा. सुरुवातीला फक्त प्रद्रव्यपटल, पाच-दहा मिनिटांत ट्रान्स-गॉल्जी जाळं (गॉल्जीची माल बाहेर पाठवणारी बाजू), आणि रिक्तिकेच्या पटलावर यायला काही तास. याच्या जोडीला लाल मार्कर नको. दोघांचं उत्सर्जन एकमेकांवर चढतं आणि सगळंच एका ठिकाणी असल्याचं सुंदर, खोटं चित्र मिळतं. आणखी एक: खात्रीचे म्हणून सगळे वापरतात त्या मार्कर रेषांपैकी व्हॅम्प७११, व्हीटीआय१२ आणि एसवायपी३२ हे स्वतःच स्नेअर आहेत. स्नेअरचं ठिकाण ठरवायला जास्तीचं स्नेअर घालणं मला तरी पटत नाही. ट्रान्स-गॉल्जीसाठी व्हीएचए-ए१ आणि बहुपुटिका पिंडांसाठी (रिक्तिकेच्या वाटेवरच्या टप्प्यासाठी) एआरए७ बरे.

पुटिकांची वाहतूक अडवणाऱ्या ब्रेफेल्डिन या औषधाबद्दल थोडक्यात. ५० मिलिमोलारचा साठा डीएमएसओत, हजारपट सौम्य करून ५० मायक्रोमोलार, एक तास. कंट्रोलला तेवढंच डीएमएसओ. नवीन प्रथिन वगळून फक्त फिरतं प्रथिन बघायचं असेल तर अर्धा तास आधीपासून ५० मायक्रोमोलार सायक्लोहेक्सिमाइड, ते नवं प्रथिन बनू देत नाही. अरॅबिडॉप्सिसच्या मुळात यामुळे ट्रान्स-गॉल्जीचे गोळे होतात आणि गॉल्जी भोवती टिकून राहते, कारण तिथलं जीएनएल१ हे प्रथिन ब्रेफेल्डिनला दाद देत नाही. तंबाखूच्या पेशींत गॉल्जी चक्क आंतर्द्रव्यजालिकेत विरघळते. म्हणून मुळातला निकाल बेन्थामियानाच्या पानाला लावू नका. बहुपुटिका पिंड ओळखायला वॉर्टमॅनिन ३३ मायक्रोमोलार. तासा-दोन तासांत ते फुगून कड्यांसारखे दिसतात.

उरला ठणठणीत म्युटंट. हा तुमचा दोष नाही, कुळाचा आहे. एसवायपी१२१ नसलेलं झाड लांबून ठीक दिसतं, पण एसवायपी१२२ सुद्धा काढा, ते खुजं राहतं आणि पानांवर मेलेले डाग पडतात. व्हॅम्प७२१ आणि ७२२ दोन्ही काढले तर रोपच जगत नाही. इथे एक जुनी युक्ती कामाला येते: एक जनुक पूर्ण गेलेलं आणि दुसऱ्याची एकच प्रत शाबूत, असं झाड. ते दिसायला नेहमीसारखं, पण रोगप्रतिकारात कमी पडतं. दुहेरी म्युटंट मरत असेल तर आधी हा अर्धवट म्युटंट तपासा, अॅमायआरएनएच्या, म्हणजे जनुक दडपणाऱ्या कृत्रिम आरएनएच्या, मागे नंतर लागा.

एकेरी म्युटंटमध्येही योग्य जागी बघितलं तर दिसतं. एसवायपी१२१ चं दुसरं नाव पेन१, आणि ते नाव रोगावरून आलंय. जवावरची भुरी अरॅबिडॉप्सिसची यजमान नाही; बहुतेक बीजाणू पेशीभित्तिकेपाशीच अडतात. पेन१ गेलं की त्या बुरशीचा आत शिरण्याचा यशाचा दर वाढतो. हे २००३ मध्ये कळलं. द्राक्षबागेत बघतो ती भुरी वेगळी, पण बुरशीचं कुळ तेच. तुमच्याकडे जवावरची भुरी वाढवायची सोय नसेल तर रंध्रं बघा: एसवायपी१२१ नसलेल्या झाडात बंद झालेली रंध्रं पुन्हा उघडायला उशीर लागतो, कारण केएटी१ हा पोटॅशियमचा मार्ग पटलावर परत यायला वेळ घेतो. ‘म्युटंटला काही होत नाही’ हे वाक्य प्रबंधात लिहायच्या आधी त्याला काय विचारलंत तेही लिहा.

स्नेअर एकमेकांची जागा किती सहज घेतात त्याचा नमुना रिक्तिकेकडच्या वाटेवर आहे. व्हीटीआय११ गेलं की अरॅबिडॉप्सिसचा दांडा नागमोडी होतो आणि गुरुत्वाकर्षण ओळखत नाही. त्याचा भाऊ व्हीटीआय१२ एरवी ट्रान्स-गॉल्जीवर काम करतो. हा दांडा पुन्हा सरळ करणारा एक म्युटंट सापडला. त्यात व्हीटीआय१२ मधलं एकच अमिनो आम्ल बदललं होतं, आणि तेवढ्याने तो रिक्तिकेच्या चौकडीत जाऊन बसायला लागला. दोन्ही काढले तर भ्रूणच मरतो. म्हणजे जोडीदार बदलायला एका अक्षराचा फरक पुरतो. अशा कुळात एका को-आयपीवर किती भार टाकायचा ते तुम्हीच ठरवा.

मग गाइडच्या प्रश्नाचं उत्तर कशाने मिळेल? आतापर्यंतचा धागा एवढाच: चिकटणं स्वस्त आहे, ठिकाण प्रवर्तकावर हलतं, आणि एकेरी म्युटंट गप्प राहतो. त्यामुळे माल बघा. पुटिकेतून काय जातं आणि हे स्नेअर अडवलं की काय अडतं, ते.

अडवायला सिंटॅक्सिनचा पटलात रुतणारा शेपटाचा भाग काढून उरलेला पेशीद्रव्यातला तुकडा वापरतात. त्याला एसपी२ म्हणतात. तो जोडीदारांना धरून बसतो पण पटल ओढू शकत नाही. त्याच्यासोबत पेशीबाहेर टाकली जाणारी जीएफपी घाला. वाहतूक चालू असेल तर ती भिंतीतल्या आम्लात मंद दिसते. अडली की आत जाळीत झळकते. निकाल वाचायला सोपा, म्हणूनच फसवाही. एसपी२ भरपूर घातला तर तो कुणाचीही वाहतूक अडवतो, कारण जोडीदार सामाईक आहेत. म्हणून ओडीच्या निदान तीन पायऱ्या करा, आणि शेजारी दुसऱ्या सिंटॅक्सिनचा एसपी२ त्याच पायऱ्यांवर ठेवा. दोघांचं प्रथिन सारखं आहे हे ब्लॉटवर दाखवा. फरक खालच्या पायरीवर दिसला तरच तो खरा.

पुढची पायरी म्हणजे दोन माल एकाच वेळी. एसवायपी१२१ च्या एसपी२ ने केएटी१ पटलावर पोचणं अडतं, पण पटलावरचा प्रोटॉन पंप पीएमए२ अडत नाही, हे दाखवलं गेलंय. एकाच पेशीत एक माल थांबला आणि दुसरा गेला, तर ‘पेशीच मरायला टेकली होती’ ही शंका उरत नाही. गाइडना हवं ते उत्तर अशा जोडप्रयोगात आहे.

विभक्त युबिक्विटिन यीस्ट पद्धत (पटलावरच्या दोन प्रथिनांची जोडी यीस्टमध्ये तपासणारी) जोडीदारांची पहिली चाळणी म्हणून ठीक. साधी यीस्ट टू-हायब्रिड केंद्रकात चालते, शेपूट असलेलं सिंटॅक्सिन तिथे जातच नाही. बायएफसी (चमकत्या प्रथिनाचे दोन अर्धे तुकडे जुळवून जोडी दाखवणारी पद्धत) मी स्नेअरसाठी जवळजवळ वापरत नाही. एकदा चमक जुळली की सुटत नाही, आणि जे सतत जुळून सुटतं त्याला अशी साखळी लावल्यावर निकाल आपणच तयार केलेला असतो. फ्रेट-फ्लिमची (दोन चमकत्या प्रथिनांमधली जवळीक मोजण्याची) सोय असेल तर ती घ्या, आणि कंट्रोलला त्याच पटलावरचं, पण जोडी न जमवणारं स्नेअर ठेवा. नुसती मोकळी जीएफपी हा कंट्रोल नाही.

‘याचा शेतीला काय उपयोग’ असंही तुम्ही शेवटी विचारलंय. सोयाबीनमधला आरएचजी१ हा गुणसूत्राचा भाग बघा. मुळांवर पुटी (सिस्ट) करणाऱ्या सोयाबीन सिस्ट सूत्रकृमीला, हेटेरोडेरा ग्लायसिनेसला, अमेरिकेतल्या बहुतेक प्रतिकारक वाणांत हाच भाग आवरतो. सुमारे ३१ हजार बेसचा एक तुकडा तिथे पुन्हा पुन्हा आला आहे: विल्यम्स ८२ या बळी पडणाऱ्या वाणात एक प्रत, पेकिंगमध्ये तीन, पीआय ८८७८८ मध्ये नऊ-दहा. त्या तुकड्यात अल्फा-स्नॅपचं जनुक आहे, आणि प्रतिकारक प्रकारात त्याच्या सी-टोकाची अमिनो आम्लं बदललेली आहेत, नेमकी एनएसएफला टेकणारी. हे बिघडलेलं अल्फा-स्नॅप एनएसएफला नीट धरत नाही आणि चौकड्या उसवणं मंदावतं. सूत्रकृमी ज्या पेशींचं खाद्यकेंद्र बनवते तिथे ते साठतं, आणि ते केंद्रच कोलमडतं. बाकीचं झाड कसं तगतं? अशा वाणांत एनएसएफचाही एक बदललेला प्रकार असतो, जो या बिघडलेल्या अल्फा-स्नॅपशी जुळवून घेतो. दोन जनुकं सोबत असल्याशिवाय संकर नीट जगत नाही. पैदासकाराला हे ठाऊक नसेल तर बियाण्यातलं गुणोत्तर का जुळत नाही, ते त्याला कळणार नाही.

तुमच्याकडे वाढकक्ष एकच आहे असं लिहिलंय, तेव्हा क्रम असा लावा. या आठवड्यात ओडीच्या तीन पायऱ्या आणि मॅनिटॉल. दोन्हींना फक्त पानं आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाचा एक दिवस लागतो. जाळी ०.०२ ला नाहीशी झाली तर निम्मा प्रश्न सुटला. त्याच वेळी १२१ आणि १२२ च्या म्युटंटचा संकर लावून टाका, कारण दुहेरी म्युटंट हाती यायला दोन पिढ्या, म्हणजे पाच-सहा महिने जातील. मिसळलेल्या नमुन्याची को-आयपी त्यानंतर. एसपी२ चे प्रयोग मात्र एप्रिल-मेमध्ये काढू नका. बेन्थामियानाला सोडल्यानंतरचे दोन दिवस २२ ते २४ अंश लागतात. वीज गेली आणि खोली तीसच्या वर गेली तर प्रथिनाचं प्रमाण इतकं पडतं की तुमच्या तीन पायऱ्यांना काही अर्थ उरत नाही. आणि त्या सगळ्या ब्लॉट्सवर न उकळलेली लेन ठेवा. आत्ता नको वाटली तरी लेख परीक्षकाकडून परत आला की तीच पहिल्यांदा मागितली जाते.